सळईला मोटर लावावी की नाही

हे लिहिण्याचे धाडस करतो आहे, याबद्दल वाचकांनी प्रथम मला क्षमा करावी. शिरूरमधल्या एका महाविद्यालयात मी आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवले. दुसऱ्यांच्या निबंधांवर लाल शाईने खुणा केल्या, वाक्यात कर्ता हरवला असेल तर त्या जागी वर्तुळ काढले, आणि स्वतः मात्र रजेचे अर्ज व निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यांची मानपत्रे यांपलीकडे काही लिहिले नाही. निवृत्तीनंतर इतक्या उशिरा लिहावेसे वाटावे, आणि तेही कोंबडी भाजण्याच्या एका यंत्राविषयी, हे माझे मलाच थोडे अगोचरपणाचे वाटते. विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हटले तर माझा वाद नाही. परंतु या क्षुल्लक खरेदीच्या विचारापायी आमच्याकडे येणारे एक माणूस यायचे थांबले होते, आणि चूक माझी होती. म्हणून लिहितो आहे.

यंत्राची हकीकत अशी. रांजणगावच्या एका कारखान्यात आलेला एक कोरियन अभियंता आमच्या वरच्या मजल्यावर दोन वर्षे भाड्याने राहत होता. मायदेशी परतताना त्याने आपले कोळशाचे ग्रिल खाली आणले. तीन पायांचे, काळेभोर, वर घुमटासारखे झाकण. ते त्याने दोन्ही हातांनी, कमरेत वाकून मला दिले. मी "अहो, हे कशाला" असे म्हणालो. त्याला मराठी येत नव्हते आणि मला नाही म्हणणे जमत नव्हते. त्यामुळे ग्रिल आमच्या अंगणात राहिले.

काही महिने त्यावर पत्नीने कुंड्या ठेवल्या. मग एका रविवारी मुलगी आणि जावई पुण्याहून येणार होते, तेव्हा मला सुचले की आज अख्खी कोंबडी भाजावी. मी तोपर्यंत चहाखेरीज काही केलेले नव्हते. माहितीपुस्तिका कोरियन भाषेत होती. मी चित्रे पाहून बाभळीचा कोळसा पेटवला, मसाला लावलेली कोंबडी जाळीवर ठेवली आणि झाकण लावून, परीक्षागृहात पर्यवेक्षक बसतो तसा खुर्ची टाकून बसलो. तासाभराने झाकण काढले तेव्हा खालची बाजू कोळशाहून काळी झाली होती आणि वरची कच्ची होती.

"अर्धी आपण खायची," पत्नी म्हणाली, "आणि उरलेली अर्धी दवाखान्यात घेऊन जायची का?"

नेमके त्याच वेळी फाटकातून दाजी आत आले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दौंड तालुक्यात, यवतजवळच्या कासुर्डीला त्यांचे घर आणि थोडा ऊस आहे. साखर कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी नोकरी केली. आमच्या दोन्ही घरांत आजोबांच्या पिढीपर्यंत मेंढरे होती. पुढे त्यांच्या घरात पाना आला आणि माझ्या घरात खडू. माझी बहीण, जिला मी आक्का म्हणत असे, तीन वर्षांपूर्वी गेली. ती असताना भाऊबीज, बारसे, यात्रा, काही ना काही निमित्ताने ती माहेरी यायची आणि दाजी तिला घेऊन यायचे. ती गेल्यावर घेऊन येण्याजोगे कोणी राहिले नाही. त्यांचे येणे पत्रिका देण्यापुरते उरले. त्या दिवशीही ते पुतण्याच्या लग्नाची पत्रिका द्यायलाच आले होते.

त्यात आणखी एक अडचण होती. आक्काचे वर्षश्राद्ध झाल्यावर दाजींनी गळ्यात तुळशीची माळ घातली. हा गृहस्थ एकेकाळी मटणाचे पातेले एकट्याने आटोपणारा. तो आता अंड्यालाही शिवेना. आमच्या घरात माणसाला बोलवायचे म्हणजे जेवायलाच बोलवायचे, दुसरी रीत आम्हांला ठाऊक नाही. रविवारी या असे म्हणावे, तर रविवारी आमच्याकडे सामिष. म्हणजे तेही खुंटले. मी स्वभावाने भिडस्त. "दाजी, तुमच्यावाचून घर ओकेबोके वाटते" असे वाक्य मी फळ्यावर उदाहरण म्हणून लिहू शकेन, तोंडाने उच्चारू शकणार नाही.

तर दाजी आत आले, पत्रिका पत्नीच्या हाती दिली, आणि ग्रिलवर वाकून पाहत म्हणाले, "मास्तर, पंचनामा झाला का हिचा?"

"झाकण लावले होते, दाजी. पुस्तकात तसेच चित्र आहे."

"चित्रातली कोंबडी भाजली आसंल मंग. अवो, हिला कूस बदलाय लावा की. माणूस तरी एका कुशीवर किती येळ ऱ्हातंय?"

त्या दिवशी आम्ही सर्वांनी पिठले-भाकरी खाल्ली. दाजी आमच्या पंक्तीला बसले, आणि आक्का गेल्यानंतर प्रथमच ते आमच्याकडे हसले.

महिन्याभराने ते पुन्हा आले, ते पोत्यात गुंडाळलेली एक लांब वस्तू काखेत घेऊन. यवतच्या एका वेल्डिंगच्या दुकानात बसून त्यांनी ती स्वतः केली होती. न गंजणारी जाड सळई, तिच्यावर कोंबडीला दोन्हीकडून धरून ठेवणारे दोन काटे, ग्रिलच्या कडांवर बसणाऱ्या दोन बैठका, एका बैठकीत जुने बेरिंग, आणि सळईच्या टोकाला वाकवलेली, रसाच्या गुऱ्हाळात असते तशी मूठ. मुठीवर बाभळीचे लाकूड चढवलेले. ते लाकूड गरजेपेक्षा चांगले वीतभर लांब होते. त्याचे कारण मला लवकरच कळले.

कोंबडी सळईवर मी चढवली. दाजींनी तिला हात लावला नाही. निखारे दोन्ही बाजूंना सारून मधली जागा त्यांनी मोकळी ठेवायला लावली, म्हणजे चरबी गळून जाळ होणार नाही. मग ते स्टूल घेऊन बसले आणि लाकडी मूठ धरून सावकाश फिरवू लागले.

पत्नीला राहवेना. "दाजी, माळ आहे ना तुमच्या गळ्यात?"

"माळ गळ्यात हाय, वैनी. हात लाकडाला हाय." त्यांनी मूठ फिरवतच सांगितले. "माळ बी झाडाची, लाकूड बी झाडाचं. त्या दोघांचं जमतंय. पल्याडल्या लोखंडाचं लोखंड बघंल."

या युक्तिवादातला दोष मला आजतागायत सापडलेला नाही.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी, रविवारी, दाजी येऊ लागले. कासुर्डीहून चौफुला, तिथून न्हावरेमार्गे शिरूर, अशा दोन गाड्या बदलून. सकाळी नऊच्या सुमाराला फाटक वाजायचे. पत्नीने त्यांच्यासाठी वेगळा तवा आणि वेगळी कढई काढून ठेवली. कोंबडी भाजायला दीड तास लागे, आणि तो दीड तास दाजी मूठ फिरवत. ती शिजली की नाही हे त्यांना चाखून कळणे शक्य नव्हते. ते हाताने ओळखत. सुरुवातीला कोंबडीची जड बाजू खाली ओढ घेते, मुठीला हिसका बसतो. जसजसे पाणी आणि चरबी उतरत जाते तसतसा हिसका कमी होतो. एका क्षणी दाजी थांबत, मूठ नुसती बोटांवर तोलत आणि म्हणत, "आता हलकी झाली. उतरवा." त्यांचा अंदाज एकदाही चुकला नाही. मुलगी स्वयंपाकघरातून तापमापक घेऊन यायची आणि मान डोलवत परत जायची.

पण मी त्या रविवारांची वाट पाहत होतो ती कोंबडीसाठी नव्हे. समोरासमोर बसून बोलणे आम्हां दोघांनाही अवघड. मूठ फिरत असताना मात्र दाजींचे डोळे निखाऱ्यांवर असत, माझे त्यांच्या हाताकडे, आणि त्या आडोशाने ते आक्काविषयी बोलत. एका रविवारी त्यांनी सांगितले, "तुमची पाचवीची पुस्तकं हरवली व्हती न्हवं एका साली? हरवली न्हवती. तुमच्या बहिणीनं नेली व्हती. पापडाच्या डब्यात, वरून पापड लावून."

मला ती पुस्तके आठवत होती. ती हरवली म्हणून मी रडलो होतो.

"काय केलं तिने त्यांचं?"

"वाचली. म्हंजी, वाचाय शिकली. मी पाळीवर गेलो की बसायची. मला पहिल्यांदा कळलं ते तिनं माझ्या डब्यात चिठ्ठी घातली तवा."

"काय लिहिलं होतं?"

"मीठ जास्त झालंय, ताक पिऊन घ्या." दाजी मूठ फिरवत राहिले. "ती चिठ्ठी मी लय दिस ठिवली. पार फाटस्तोवर."

मी आयुष्यभर मुलांना भाषा शिकवली, आणि माझी बहीण माझीच पुस्तके चोरून वाचायला शिकली हे मला साठी उलटल्यावर, अंगणात, कोंबडीच्या धुरात कळले. अशा गोष्टी दाजी एका रविवारी एकच सांगत. जास्त विचारले तर "बास झालं आजच्यापुरतं" म्हणत. मी विचारीत नसे. पुढचा रविवार होताच.

आता चुकीकडे येतो.

आमच्या शेजारी कचेरीतून निवृत्त झालेले एक सद्गृहस्थ राहतात. त्यांचे कुंपण आमच्या अंगणाला लागून आहे. एका रविवारी कुंपणावरून ते मोठ्याने म्हणाले, "काय सर, जावयाला गड्याच्या कामाला लावलंत की काय? आम्ही तर जावई आला की त्याला खुर्चीवरून उठू देत नाही!" ते विनोदानेच म्हणाले. दाजीही हसले. मला मात्र ते झोंबले. आमची आई असेपर्यंत दाजींना पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलू दिला जात नसे. सतरंजी अंथरायची, तक्क्या द्यायचा आणि जावई त्यावर टेकला की घरातल्या सगळ्यांनी त्याच्या अवतीभोवती धावायचे. त्या जावयाला, वयाच्या सत्तरीत, मी दीड दीड तास धुरात बसवत होतो.

त्याच आठवड्यात मुलीने मला मोबाइलवर एक चित्र दाखवले. ग्रिलवर बसणारे एक लोखंडी कडे, त्यात सळई, आणि बाजूला मुठीएवढी मोटर.

"बाबा, हे घेऊन टाकू. प्लग लावायचा, बटण दाबायचं, झालं. मामांना बिचाऱ्यांना किती वेळ बसावं लागतं." आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामा म्हणतात.

"दाजींना काय वाटेल?"

"काय वाटायचंय? सुटतील. उलट आपणच आधी घ्यायला हवं होतं. घेऊ ना?"

किमतीची अडचण नव्हती. मला तिचे म्हणणे पटले. नुसते पटले नाही, तर जावयाचा मान राखण्याची एक संधी मिळाली म्हणून मी खूश झालो. मागवण्याआधी दाजींच्या कानावर घालावे म्हणून मी फोन केला. फोनवर बोलायचे असले की मी वाक्य आधी मनात जुळवून घेतो. तसे जुळवून म्हणालो, "दाजी, सळईला मोटर मागवतो आहे. आता उगाच त्रास नको."

दाजींनी पूर्ण ऐकून घेतले. मग, "व्हय. बरं झालं. सोय झाली."

"तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय झालंय? बरं, ठिवू?"

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मी फोन केला; उसाला पाण्याची पाळी होती. त्याच्या पुढच्या खेपेला गुडघा दुखत होता. तिसऱ्या खेपेला कुणाचा तरी साखरपुडा होता, पण कुणाचा ते त्यांना पटकन सांगता आले नाही. मुलीला मी मोटर मागवण्यापासून थांबवले नव्हते, पण मागव असेही म्हणालो नव्हतो. सळई कोपऱ्यात उभी होती आणि ग्रिलवर पुन्हा कुंड्या आल्या होत्या. मला वाटले, वय झाले, प्रवास झेपत नसेल.

एका दुपारी पत्नी घेवडा निवडत बसली होती. तिने दाजींचा तवा पुसून वर ठेवलेला मी पाहिला आणि म्हणालो, "असू दे खाली, येतील पुढच्या रविवारी."

"येणार नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही फोनवर नेमके काय बोललात त्यांना? शब्दाला शब्द सांगा."

मी सांगितले.

तिचे हात थांबले. "त्रास नको. कोणाला त्रास नको?"

"म्हणजे काय? त्यांना."

"तसे म्हणालात?"

वाचकहो, त्या प्रश्नाने मला जे झाले ते सांगणे कठीण आहे. क्रियापदाला "कोणाला" असा प्रश्न विचारा आणि उत्तर येईल ते शोधा, हे मी हजारो मुलांकडून घोकून घेतले आहे. उत्तर वाक्यात नसेल तर तिथे लाल वर्तुळ काढले आहे. आणि मीच "तुम्हांला" हा शब्द गाळला होता. मराठीत तो गाळला तरी वाक्य उभे राहते. फक्त ऐकणारा त्या रिकाम्या जागी आपल्या मनातला शब्द घालतो. दाजींनी काय घातला असेल ते मला त्या घेवड्याच्या शेंगांसमोर उभे राहून कळले.

"मग जाऊन सांगा," पत्नी म्हणाली. "फोनवर नको. फोनवर तुम्ही आणखी एखादा शब्द गिळाल."

जायचे ठरले, पण नुसते जाऊन "मी चुकलो" म्हणायचे मला सुचेना. काहीतरी काम हवे होते. शेवटी मी सळई पोत्यात गुंडाळली आणि बेरिंग बिघडल्याचे निमित्त करायचे ठरवले. बेरिंगला काहीही झालेले नव्हते.

शिरूरच्या स्थानकावर गाडीत चढताना वाहकाने पोत्यातून बाहेर आलेले टोक पाहिले. "आजोबा, ह्यो भाला कुठं निघालाय?"

"भाला नाही. कोंबडी भाजायची सळई आहे."

"मंग कोंबडी कुठाय?" मागच्या बाकावरून एकाने विचारले, आणि गाडी हसली. मीही हसलो. न्हावरे येईपर्यंत सळई माझ्या गुडघ्यांत धरून मी वाक्य जुळवत होतो. या वेळी प्रत्येक शब्द तपासून.

दाजी ओसरीवर बसले होते. पंपाचा एक व्हॉल्व्ह उघडून त्यांनी त्याचे भाग वर्तमानपत्रावर मांडले होते. घरात दुसरे कोणी नव्हते. मुलगा आणि सून शेतात गेली होती. मला पाहून ते उठले.

"या, या मास्तर. वाट चुकला काय?" मग पोत्याकडे लक्ष गेले. "आन् ह्ये काय? काठी घिऊन भांडाय आलाय व्हय?"

मी बसलो. त्यांनी पाणी दिले, स्वतः चहा टाकला. चहा होईपर्यंत आम्ही उसाच्या तोडणीविषयी बोललो. मग मी म्हणालो, "दाजी, बेरिंग खडखडते आहे."

त्यांनी सळई पोत्यातून काढली, बेरिंग दोन बोटांत धरले आणि टिचकी मारली. ते फिरू लागले. बराच वेळ फिरत राहिले. आम्ही दोघे त्याकडे पाहत होतो. कसलाही आवाज नव्हता.

"कुठाय खडखड?"

"येताना... येताना बसमध्ये बसला असेल आवाज."

दाजींनी माझ्याकडे पाहिले. "मास्तर, खोटं बोलाय बी हात बसावा लागतो. तुमचं आता वय ऱ्हायलं न्हाई शिकायचं."

तेव्हा जुळवलेले वाक्य विसरून मी म्हणालो, "त्या दिवशी फोनवर मी चुकलो. त्रास तुम्हांला नको, असे मला म्हणायचे होते. तुम्हांला हा शब्द राहून गेला."

दाजींनी बेरिंगकडे पाहिले. ते फिरायचे आता थांबले होते.

"मला आपलं वाटलं," ते हळू म्हणाले, "तुमच्या घराला माझा त्रास व्हतोय. वैनी येगळा तवा काढत्यात, येगळं करत्यात. रईवारच्या दिशी पोरगी-जावई येणार, त्यात माझं पिठलं. म्हणलं, खरं हाय त्यांचं. मोटर आली म्हंजी आता कशापायी जायचं आपण? जेवाय बी न्हाई आन् कामाला बी न्हाई."

"तसे नव्हते, दाजी."

"व्हय, आता कळलं." मग त्यांच्या मिश्या हलल्या. "एवढा एक शब्द गिळला तुम्ही? आन् पोरांचं मार्क कापत व्हता?"

मी हसलो, आणि हसता हसता मला चष्मा काढावा लागला. त्यांनी माझ्याकडे न पाहता सळई पुन्हा पोत्यात घालायला घेतली. मी शेजाऱ्यांचे बोलणे सांगितले. जावयाला कामाला लावल्याची लाज वाटली, म्हणून मोटरीचे मनात आले, हेही सांगितले.

"तुमच्या आईनं लय मान केला माझा," दाजी म्हणाले. "खोटं कशाला बोलू, सतरंजीवर बसून बसून माझी कंबर धरायची. तुमच्या बहिणीला म्हणायचो, मला निदान दोन लाकडं तरी फोडू दी. ती म्हणायची, गप बसा, आईला वंगाळ वाटंल. तुमच्या घरात मी पहिल्यांदा हाताला काम घेतलं ते ह्या सळईचं."

निघताना त्यांनी व्हॉल्व्हचे भाग तसेच वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवले आणि मला गाडीपर्यंत सोडायला आले. सळई त्यांनीच धरली होती. गाडी आल्यावर ती माझ्या हाती देत म्हणाले, "रईवारी येतो. बेरिंग बिघडलंय म्हणताय तर बघाय पायजे."

त्याला आता दीड वर्ष झाले. मोटर मागवलेली नाही. मुलगी म्हणते, ती तिच्या मोबाइलवरच्या खरेदीच्या यादीत तशीच पडून आहे, एक बटण दाबायचे बाकी. या दीड वर्षात दाजींनी मला माझ्या बहिणीच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्या मी एका वहीत उतरवून ठेवल्या आहेत. तिने गावातल्या चार बायकांना सही करायला शिकवले. कारखान्याच्या वसाहतीत राहत असताना ती रेडिओवरची गाणी ऐकून शब्द लिहून घ्यायची आणि अडले तर दाजींना विचारायची, आणि दाजींनाही येत नसे. तिला माझा अभिमान वाटत असे, पण तो मला कळू नये अशी तिची इच्छा होती, कारण "त्यो लाजंल." या साऱ्याबद्दल मी कोणाचे आभार मानावेत तेच कळत नाही. दाजींचे मानले तर ते म्हणतील, मास्तर, भाषण नको. आभार त्या कोरियन अभियंत्याचेही आहेत, ज्याला आपण काय देऊन चाललो हे माहीत नसणार. पत्नीचे तर आहेतच. तिने "कोणाला" असे विचारले नसते तर तो तवा आजही वरच्या फळीवर असता.

मात्र गेल्या काही महिन्यांत मी एक पाहतो आहे. दाजी पूर्वी एकाच हाताने दीड तास फिरवत. आता अर्ध्या तासाने हात बदलतात. मागच्या महिन्यात त्यांनी मूठ सोडून हात गुडघ्यावर ठेवला आणि मला म्हणाले, "धरा जरा." मी धरली. त्यांनी माझे फिरवणे थोडा वेळ सहन केले.

"हळू, मास्तर. दळण न्हाई त्ये. जोर लावू नका, तिच्या कलानं घ्या. जड बाजू कुठं हाय?"

"कळत नाही."

"कळंल. डोळं मिटा."

मी डोळे मिटले. पुष्कळ वेळाने मुठीत एक बारीक ओढ जाणवली, आणि मी म्हणालो, "आता." ते म्हणाले, "व्हय." प्रथम श्रेणी मिळाल्याची बातमी ऐकली तेव्हाही मला इतका आनंद झाल्याचे आठवत नाही. पण माझा हात वीस मिनिटांत भरून आला, आणि तो त्यांच्या हातापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे.

गेल्या रविवारी जेवणे झाल्यावर मी त्यांना स्थानकावर सोडायला गेलो. न्हावऱ्याची गाडी लागलेली होती. दाजी पायरीवर चढले, खिडकीपाशी बसले, आणि पिशवी मांडीवर नीट ठेवता ठेवता, माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, "मास्तर, ती मोटर कवा येतीया?"

हात थकला म्हणून विचारले, की मोटर आली तर आपले येणे संपेल या जुन्या धास्तीने अजमावून पाहिले, हे मला कळले नाही. सरळ विचारावे, तर आमच्यात तसे विचारण्याची रीत नाही. आणि "घेतो" म्हणावे की "घेत नाही" म्हणावे, दोन्ही वाक्यांत काहीतरी गाळलेले राहील अशी भीती मला वाटली. मी "बघतो" म्हणण्यासाठी तोंड उघडले आणि तेवढ्यात वाहकाने घंटी मारली. दाजींनी हात वर केला. गाडी गेली. पुढच्या रविवारी ते येणार आहेत, आणि तोपर्यंत मला काहीतरी ठरवायचे आहे.

माझ्या जागी तुम्ही असतात, तर दाजींना काय उत्तर दिले असते?